अनुमोदक पाहिजे

लग्न होऊन मी पेणच्या खाडीकडून रोह्याजवळच्या या गावात आले, त्याला इतकी वर्षं झाली की आता माझी मुलगी कॉलेजात जाते. तरी गावात माझं नाव एकच, पेणवाली. तोंडावर वहिनी म्हणतात, काकी म्हणतात, पण मी वळले की पेणवाली. पेण काही सातासमुद्रापार नाही. एस.टी.त खिडकीशी बसून एक डुलकी काढली की येतं. पण माझे वडील मिठागरावर कामाला होते आणि आमची बोली खाडीकडची. इथले लोक भाताचे आणि वालाचे शेतकरी, त्यांना आमच्या बोलण्याची भारी मजा वाटायची. नवी नवरी असताना पहिल्याच दिवशी मी 'मना पानी द्या' म्हटलं आणि सगळी ओसरी हसली. एक चुलत सासरे म्हणाले, "मनाला कशाला पाणी? घशाला घे की." त्या दिवसापासून मी 'मला' म्हणायला शिकले, आणि इतकं पक्कं शिकले की आता माहेरी गेल्यावर आई हसते.

कुंडलिकेच्या पुलापलीकडे अष्टमीला माझं शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक गाळा, दोन मशिनं आणि एक उभा आरसा. नवरा धाटावला कंपनीत आहे, त्याची पहिली शिफ्ट असली की मी रिक्षाने जाते, नाहीतर तो सोडतो. आमच्या गावच्या बहुतेक बायका ब्लाऊज माझ्याकडेच शिवतात. मापं घेताना बाई हात वर करून उभी असते, आणि का कोण जाणे, नेमकं तेव्हाच तिला मनातलं सगळं सांगावंसं वाटतं. सासू, दीर, बांध, गटार, नवऱ्याची बाटली, सगळं. मी ऐकते. माझ्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे मधे बोलायची सोय नसते.

तर एका दुपारी आमच्या सरपंच दुकानात आल्या. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, राखीव जागेवर निवडून आलेल्या. सुरुवातीला लोक म्हणायचे, कारभार नवराच करणार. तो बिचारा आता बाईंच्या मागे छत्री घेऊन फिरतो. ब्लाऊजपीस पुढे करून त्या म्हणाल्या, "काकी, तंटामुक्तीला तुमचं नाव देतेय."

बाहेरच्यांना सांगायला हवं. गावात एक तंटामुक्त समिती असते. बांधाची भांडणं, सांडपाण्याची, भावाभावांची, अशी पोलीस ठाण्यापर्यंत जाण्याआधी गावातच मिटवायची. तिचा अध्यक्ष कोण, ते ग्रामसभा ठरवते. कोणीतरी नाव सुचवतो, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग सभेने मंजूर म्हणायचं. आमचे आधीचे अध्यक्ष मुलाकडे पनवेलला राहायला गेले आणि खुर्ची रिकामी पडली. तेव्हापासून वरच्या आळीने नाव दिलं की खालची आळी मोडायची आणि खालच्या आळीने दिलं की वरची. तंटामुक्तीवरून गावात जेवढा तंटा झाला तेवढा आधी कशावरून झाला नव्हता.

मी टाचण्या काढल्या आणि विचारलं, "माझंच का गो?"

"तुम्ही कोणाच्याच नाय, म्हणून."

ती सहज बोलली. तिला वाटलं, ती माझं कौतुकच करतेय. आमचं घर दोन्ही आळ्यांच्या मधे. तुम्ही वरच्या आळीच्या नाय, खालच्या आळीच्या नाय, दोघांनाही चालाल, असा तिचा हिशेब. माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. एवढी वर्षं या गावाच्या लग्नकार्यांत राबले, मयताला गेले, हळदीकुंकवाला गेले, आणि शेवटी काय, तर कोणाचीच नाही! मी तिचा ब्लाऊजपीस घडी करून परत तिच्या हातात दिला आणि म्हटलं, दुसरी बघ. ती गेली. मग मी मशीनवर बसले आणि एका बाहीला उलटी शिवण घातली. ती उसवता उसवता मला कळून चुकलं की मला ते पद हवंय. खोटं कशाला बोलू, फार हवं होतं. पद म्हणजे काय, ना पगार ना गाडी. पण सगळं गाव एका जागी बसून माझ्या नावाला 'मंजूर' म्हणेल, ते मला एकदा कानांनी ऐकायचं होतं. संध्याकाळी मीच तिला फोन केला.

घरी सांगितलं तर नवरा जेवता जेवता थांबला. "तू? तंटामुक्ती?" म्हणाला, आणि त्याला असा ठसका लागला की मलाच पाणी द्यावं लागलं.

त्याच्या हसण्याला कारण होतं. आमच्या घराला मधे एक भिंत आहे. भिंतीच्या पलीकडे मोठे दीर आणि जाऊबाई. समोर दोघींत मिळून एक खळं, जिथे वाल वाळत घालतात. त्या खळ्यावरून आम्हा जावांचं एकदा वाजलं आणि तेव्हापासून अबोला. कोणी कोणाचे वाल सरकवले, त्यावरून सुरू झालं एवढं आठवतं. मला आजही वाटतं माझंच खरं होतं, आणि त्यांनाही तसंच वाटत असणार. दीर आणि नवरा एकमेकांशी छान बोलतात, मुलं एकमेकांकडे जेवतात. आम्ही दोघी मात्र मांजराशी बोलतो. म्हणजे असं, की जाऊबाई खळ्यात येऊन मांजराला सांगतात, "उद्या पाणी लवकर येणार हाय म्हणे." मी मांजराला म्हणते, "बरं झालं, सांगितलंस." त्या मांजराला दोन्ही घरची खबर असते.

मुलगी राज्यशास्त्र शिकते. तिला नवऱ्यापेक्षा जास्त हुरूप आला. "आई, अमेरिकेत माहितेय का, राष्ट्राध्यक्षाने मोठ्या पदासाठी नाव दिलं ना, तरी त्या माणसाला सिनेटसमोर बसवतात. तासन् तास प्रश्न विचारतात. जुनंपुराणं सगळं काढतात. मग मतदान. आणि आपल्याकडे बघ, वाक्य संपायच्या आधी मंजूर!"

"बरंय की मग," मी म्हटलं. "मला काय अमेरिकेत दिलेली नाय."

तिचं म्हणणं खरंच होतं. आमच्या ग्रामसभेत ग्रामसेवकाने 'विषय क्रमांक' एवढं म्हटलं तरी मागून कोणीतरी 'मंजूर' ओरडतो. सरपंचांनी सगळं जुळवूनही ठेवलं होतं. वरच्या आळीतले एक भाऊ माझं नाव सुचवणार, खालच्या आळीतले एक नाना अनुमोदन देणार, दोन्हीकडचा मान राहणार.

ऑगस्टमधली ग्रामसभा. लावणी होऊन माणसं मोकळी झालेली, त्यामुळे देवळाचा सभामंडप भरला होता. एका बाजूला पुरुष, एका बाजूला आम्ही बायका. जाऊबाई खांबाला टेकून बसल्या होत्या, माझ्यापासून जेवढं लांब बसता येईल तेवढ्या लांब. ग्रामसेवक नवीन होता, घाटावरचा, कामाला अगदी काटेकोर. सुरुवातीला त्याने सगळ्यांची हजेरी घेतली. आमच्या शेजारचे एक म्हातारे आबा तेवढ्यात देवळामागे तंबाखू थुंकायला गेले होते, त्यांची हजेरी राहिली. आबांना ऐकायला कमी येतं. परत येऊन बसल्यावर कोणीतरी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, "तुमची हजेरी ऱ्हायलीय, विचारलं की बोला."

माझा विषय आला. वरच्या आळीतले भाऊ उठून म्हणाले, मी नाव सुचवतो. माझं नाव वाचलं गेलं. ग्रामसेवकाने मान वर करून, जसं पुस्तकात लिहिलंय तसं, विचारलं, "या नावाला कोणाची हरकत आहे का?"

आणि आबा हात वर करून खणखणीत आवाजात म्हणाले, "हाय! हाय!"

आता आमच्याकडे 'हाय' म्हणजे आहे. हजर आहे त्यालाही हाय, आणि हरकत आहे त्यालाही हायच. गावातल्या शेंबड्या पोराला कळलं असतं की आबा हजेरी देतायत. लोक हसायलाही लागले. पण ग्रामसेवक नवीन, आबांच्या कानांची त्याला कल्पना नव्हती. त्याने गंभीरपणे लिहून घेतलं की हरकत आली. सरपंच म्हणाल्या, "अहो साहेब, ते हजेरी देतायत!" आबांना विचारलं तर आबा पुन्हा म्हणाले, "हाय ना! कधीचा हाय!" सगळा मंडप खदाखदा हसला, मीही हसले.

माझं हसू लगेच मावळलं. खालच्या आळीतले जे नाना अनुमोदन देणार होते, ते हळूच म्हणाले, "लिहिलंच हाय तर ऱ्हाऊ द्या. हरकत आली म्हणजे चर्चा नको का व्हायला? दोन प्रश्न विचारू दे लोकांना. मग बघू अनुमोदनाचं." मला समजलं, नानांना पहिल्यापासून मनातून नको होतं, आबांनी त्यांना आयती वाट करून दिली. ग्रामसेवक म्हणाला, नियमाने चर्चा घेता येते. सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून पुढे गेले. मुलीने लांबून अंगठा दाखवला आणि माझी अमेरिका सुरू झाली.

पहिला प्रश्न सोपा होता. एक जण म्हणाला, "बाईमाणूस तुम्ही, पोलीस ठाण्यात जावं लागलं तर?" मी म्हटलं, "मागं तुमची मोटरसायकल सोडवायला ठाण्यात कोण गेलं होतं? तुमची आईच ना?" बायकांच्या बाजूने हशा उठला. त्याची आई सगळ्यांत जोरात हसली. मग एका बाईने विचारलं, दारू पिऊन घरात मारतात, ते भांडण घरातलं धरणार का गावाचं? मी म्हटलं, मारलं की ते गावाचं, आणि नाय थांबलं तर ठाण्याचं. एकाने विचारलं, तुम्ही दिवसभर अष्टमीला, मग तंटा कधी मिटवणार? मी म्हटलं, माझ्या दुकानात रोज निम्मं गाव येतं, तुम्हीच कधी येत नाय. मला आता रंग चढत होता. मला बोलायला आवडतं, भांडायला तर त्याहून आवडतं, आणि पहिल्यांदाच गाव मला समोर बसून ऐकत होतं.

तेव्हा नाना उठले. त्यांनी घसा साफ केला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. पण तुमच्या घरात एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघी जावा. कैक वर्षं एक शब्द नाय. जिला घरातला तंटा मिटवता येत नाय, ती गावाचा काय मिटवणार?"

मला जाऊबाईंकडे बघायचं नव्हतं, तरी नजर गेलीच. त्या खाली बघत होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. माझ्याकडे उत्तर तयार होतं. खळ्याचं सगळं रामायण मी सांगू शकले असते, त्या दिवशी कोण आधी काय बोललं ते शब्दाला शब्द, आणि सांगितलं असतं तर निम्मा मंडप माझ्या बाजूने झाला असता. पद हातातोंडाशी आलं होतं. पण त्या तिथे बसल्या होत्या, सगळ्यांच्या नजरा झेलत. त्यांनी काही या सभेत नाव दिलं नव्हतं.

मी म्हटलं, "नाना, हा एक प्रश्न मला विचारू नका. मी उत्तर दिलं तर मी खरी ठरेन, आणि दुसरी इथंच बसलीय. ते मला नाय जमायचं. त्यावरून तुम्हाला नाव नको असेल तर नको."

आणि मी जागेवर जाऊन बसले. संपलं, असं मला वाटलं. ग्रामसेवकाने नियमाप्रमाणे विचारलं, "अनुमोदक कोण आहे?" नाना छताकडे बघत राहिले. वरच्या आळीच्या भाऊंनी एकदोघांना कोपराने ढोसलं, कोणी उठेना. खालच्या आळीचा माणूस उठायला हवा होता आणि खालची आळी नानांच्या तोंडाकडे बघत होती. "अनुमोदक पाहिजे," ग्रामसेवक पुन्हा म्हणाला, "नाहीतर नाव बाद होईल."

खांबाजवळ बांगड्या वाजल्या. जाऊबाई उठल्या होत्या.

"ते मोदक का काय असतं," त्या म्हणाल्या, "तिथं माझं नाव लिवा."

कोणी हसलं नाही. ग्रामसेवकाने विचारलं, "अनुमोदन देताय का?"

"देतेय तर. आणि नानांच्या प्रश्नाचं उत्तरबी देते, ती देणार नाय." पदर खोचून त्या नानांकडे वळल्या. सभेत बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ, पण थांबल्या नाहीत. "हिचं नि माझं पटत नाय, व्हय. हिचं तोंड लय खराब. पण गावातल्या समद्या बाया हिच्या दुकानात जातात. मी एकेकीला विचारलं हाय. एकदा नाय, दरवेळी. काय बोलली माझ्याबद्दल? सांग गो, काय बोलली? मला पायजेच होतं काहीतरी, भांडायला. एक शब्द नाय मिळाला. माझा नि समद्यांचा, हिच्या पोटात गेलेला शब्द बाहेर येत नाय. तंटा मिटवायला आणि काय लागतं ते तुम्ही सांगा नाना."

बायकांच्या बाजूने कोणीतरी 'मंजूर' म्हणालं. बहुतेक ती मोटरसायकलवाल्याची आई. मग सगळ्या बायका म्हणाल्या. मग वरची आळी, मग खालची आळी, आणि सगळ्यांत शेवटी, सगळे गप्प झाल्यावर, आबा म्हणाले. मला ते सगळं ऐकायचं होतं ना, पण मला धड ऐकू आलंच नाही. मी पदरात तोंड घालून रडत होते. मुलगी शेजारी येऊन बसली आणि माझी पाठ चोळत राहिली. रडण्यासारखं काय झालं, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते. दार वाजलं. आमच्याकडे संध्याकाळी कोणी दार वाजवत नाही, हाक मारतात. उघडलं तर दारात जाऊबाई. मांजर नव्हतं, कोणी नव्हतं, त्या आणि मी.

"तक्रार हाय," त्या म्हणाल्या.

"कोणावर?"

"तुझ्यावर. खळ्याची."

मला वाटायला लागलं होतं की आता गळ्यात पडतील वगैरे. माझंही डोकं लगेच तापलं. मी म्हटलं, "मग द्या की रीतसर. समिती बसेल तेव्हा सगळ्यांसमोर मांडा."

"समितीत कशाला?" त्या माझ्यावरच खेकसल्या. "आपल्या घरातली गोष्ट हाय. बाहेरच्यांचा काय संबंध?"

बाहेरचे म्हणजे गाव. सगळं गाव, वरची आळी, खालची आळी, सरपंच, नाना, जन्मापासून इथे राहिलेली सगळी माणसं. ते बाहेरचे, आणि मी घरातली. मी पिठाच्या हातांनी दार पुरतं उघडलं आणि बाजूला झाले. जाऊबाई आत आल्या, आणि बसायच्या आधीच भांडायला लागल्या.